सामाईक प्रिंटर आणि त्याचा ड्रायव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीतलं वर्कशॉप असो, शिवाजीनगर कोर्टाजवळचं वकिलांचं ऑफिस असो, मार्केट यार्डातला गाळा असो की सदाशिव पेठेतली अभ्यासिका, मांडणी सारखीच असते. चार-सहा कॉम्प्युटर आणि सगळ्यांत मिळून एक प्रिंटर. त्यावरून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मेनूंची नावं देवनागरीत लिहिली आहेत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील. ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर यूएसबीने जोडलेला आहे, त्याला इथे 'मुख्य पीसी' म्हटलं आहे.

१. शेअर केलेला प्रिंटर आणि नेटवर्क प्रिंटर एकच ना?

नाही. पुढचे निम्मे घोळ हा फरक लक्षात न आल्यामुळे होतात. प्रिंटरच्या मागे लॅन केबलची खाच असेल किंवा त्याला स्वतःचं वायफाय असेल, तर तो नेटवर्क प्रिंटर. त्याला स्वतःचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो आणि प्रत्येक कॉम्प्युटर त्याच्याशी थेट बोलतो. ज्याला फक्त यूएसबी आहे, तो एका पीसीला जोडून त्या पीसीमार्फत इतरांना दिला, की झाला शेअर केलेला प्रिंटर. मुख्य पीसी बंद झाला किंवा झोपला, की सगळ्यांचं प्रिंटिंग थांबतं.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. प्रिंट देणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ड्रायव्हर असावाच लागतो. 'मुख्य पीसीवर टाकला आहे, मग माझ्याकडे कशाला?' हा प्रश्न रोज येतो. कागदावर काय आणि कसं उमटवायचं, हे तुमच्याच कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर प्रिंटरच्या भाषेत लिहितो. नेटवर्क फक्त ते लिखाण पोहोचवतं.

२. माझ्या प्रिंटरला नेमका कोणता ड्रायव्हर लागेल, हे कसं ओळखायचं?

तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, पूर्ण मॉडेल नंबर. प्रिंटरच्या पुढच्या नावावर जाऊ नका, मागच्या किंवा खालच्या स्टिकरवरचा नंबर घ्या. शेवटचं एखादं अक्षर वेगळं असलं तरी आतला बोर्ड वेगळा असू शकतो.

दुसरी, तुमचं विंडोज. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे 'सिस्टिम टाइप' वाचा. ६४-बिट, ३२-बिट की आर्म, ते तिथे लिहिलेलं असतं. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाहीच, त्यामुळे हा प्रश्न जुन्या विंडोज १० आणि ७ पुरताच उरतो. पण आर्म प्रोसेसरचे नवे लॅपटॉप येऊ लागलेत, त्यांचं वेगळं आहे (प्रश्न १० पाहा).

तिसरी, प्रिंटरची भाषा. इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. ऑफिसचे बरेच लेझर प्रिंटर पीसीएल ५, पीसीएल ६ किंवा पोस्टस्क्रिप्ट समजतात. अशांना कंपनीचा युनिव्हर्सल ड्रायव्हर चालतो. घरोघरी दिसणारे स्वस्त प्रिंटर मात्र यातली एकही भाषा जाणत नाहीत. पानाचं चित्र तयार करण्याचं सगळं काम ते कॉम्प्युटरवर सोपवतात. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० ही आपल्याकडची नेहमीची उदाहरणं. यांना त्यांचा स्वतःचाच ड्रायव्हर लागतो, युनिव्हर्सल चालत नाही.

नेटवर्क प्रिंटर असेल तर त्याच्या मेनूतून 'कॉन्फिगरेशन पेज' छापा. भाषा, आयपी ॲड्रेस, बसवलेले ट्रे, सगळं त्या एका पानावर मिळतं. ते पान प्रिंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

३. सीडी हरवली. ड्रायव्हर कुठून उतरवू?

फक्त प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून. सर्चमध्ये वर येणाऱ्या 'फ्री ड्रायव्हर अपडेटर' साइटना हातही लावू नका. तिथून ड्रायव्हरसोबत आणखी काय काय येतं, याचा पत्ता लागत नाही. सीडी सापडली तरी तिच्यावरचा ड्रायव्हर बहुधा जुन्या विंडोजचा असतो.

साइटवर दोन प्रकार दिसतील. एक मोठं, सगळ्या सॉफ्टवेअरसकट पॅकेज आणि दुसरं 'बेसिक' किंवा 'ड्रायव्हर ओन्ली'. सामाईक वापरासाठी दुसरं घ्या. मोठ्या पॅकेजचा इन्स्टॉलर अनेकदा यूएसबी केबल जोडेपर्यंत पुढेच सरकत नाही, आणि शेअरवरून प्रिंट देणाऱ्या पीसीला केबल जोडायचीच नसते. उतरवलेली फाइल उलगडल्यावर आत '.आयएनएफ' शेपटाची फाइल असली पाहिजे. 'हॅव डिस्क' बटणाने विंडोजला तीच दाखवायची असते.

विंडोज अपडेटवर सगळं आपोआप मिळेल, यावर यापुढे विसंबू नका. कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने बंद करणार, असं मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. तुमचा प्रिंटर जुना असेल तर चालणाऱ्या ड्रायव्हरची प्रत आजच पेनड्राइव्हवर जपून ठेवा.

४. यूएसबीचा प्रिंटर एका पीसीला आहे. बाकीच्यांना कसा द्यायचा?

आधी मुख्य पीसीवर:

१. ड्रायव्हर टाका आणि टेस्ट पेज छापा. इथे छापलं नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही.
२. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. 'पब्लिक' असेल तर शेअरिंग बंद राहतं.
३. ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा.
४. प्रिंटर प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, 'शेअर धिस प्रिंटर'. शेअरचं नाव लहान, इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्या.
५. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही, पीसी झोपता कामा नये.

मग दुसऱ्या पीसीवर विंडोज आणि आर ही बटणं दाबून दोन बॅकस्लॅश आणि मुख्य पीसीचं नाव टाइप करा. प्रिंटर दिसला की उजवी क्लिक, 'कनेक्ट'.

हे सरळ झालं तर उत्तमच. झालं नाही तर, आणि २०२१ नंतर बऱ्याचदा होत नाही, पुढची पद्धत वापरा. आमच्या मते सुरुवातच हिने करावी, कारण ती टिकते. या दुसऱ्या पीसीवर आधी ड्रायव्हर टाकायचा. 'ॲड प्रिंटर', 'मॅन्युअली', 'ॲड अ लोकल प्रिंटर', 'क्रिएट अ न्यू पोर्ट', प्रकार 'लोकल पोर्ट'. पोर्टचं नाव विचारल्यावर दोन बॅकस्लॅश, मुख्य पीसीचं नाव, एक बॅकस्लॅश, शेअरचं नाव. मग यादीतून आधीच टाकलेला ड्रायव्हर निवडायचा. यात विंडोज मुख्य पीसीकडे ड्रायव्हर मागत नाही, त्यामुळे प्रश्न ७ आणि ८ मधली बहुतेक भांडणं उद्भवतच नाहीत. पासवर्डचा प्रश्न मात्र उरतो, त्यासाठी प्रश्न ९.

५. प्रिंटरला लॅन आहे. तरीही एका पीसीवरून शेअर करावा का?

लहान ऑफिसात करू नका. प्रत्येक पीसीवर थेट आयपी ॲड्रेसने बसवा. एकदाची दहा मिनिटं जास्त जातात, पण कुठलाही एक पीसी बंद असला तरी इतरांचं काम अडत नाही.

ड्रायव्हर उलगडून ठेवा. 'ॲड अ प्रिंटर युझिंग ॲन आयपी ॲड्रेस' निवडा, डिव्हाइस टाइप 'टीसीपी/आयपी डिव्हाइस', ॲड्रेस कॉन्फिगरेशन पेजवरून घ्या, आणि 'क्वेरी द प्रिंटर अँड ऑटोमॅटिकली सिलेक्ट' वरची खूण काढा. ती राहिली तर विंडोज त्याला योग्य वाटेल तो ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. मग 'हॅव डिस्क' आणि तुमची फाइल. पोर्टचा प्रकार 'रॉ', क्रमांक ९१००. बहुतेक ऑफिस प्रिंटर याच दारावर ऐकत असतात. आयपीपी ही नवी छपाई-पद्धत हवी असेल तर ६३१, जुन्या एलपीआर पद्धतीला ५१५.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत भिंती इतक्या जाड असतात की मधल्या खोलीत वायफायची एकच काडी उरते. तिथे ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी जॉब अर्ध्यात तुटणार. तपकीर गल्लीतून कॅट ६ केबल आणा आणि प्रिंटर तारेने जोडा. १०० मीटरपर्यंत केबल ओढता येते, वाड्याला त्याहून जास्त लागत नाही.

शंभर-दोनशे पीसी असतील, कोण किती छापतं याची नोंद हवी असेल, तर प्रिंट सर्व्हर हवाच. पण ते काम नेमलेल्या ॲडमिनचं.

६. गुरुवारी वीज जाऊन आली की प्रिंटर 'ऑफलाइन' होतो. दर वेळी ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो का?

ड्रायव्हर जागेवरच असतो, हरवतो तो पत्ता. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली, परत आली, राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला १९२.१६८.१.५ ऐवजी १९२.१६८.१.९ दिला. पीसी अजून ५ चंच दार वाजवतोय.

उपाय राउटरमध्ये आहे. राउटरच्या पानावर 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला (यंत्राचा स्वतःचा नेटवर्क क्रमांक) एक आयपी कायमचा बांधून द्या. मॅक ॲड्रेसही कॉन्फिगरेशन पेजवर असतो. ती सोय नसेल तर प्रिंटरच्याच मेनूत मॅन्युअल आयपी द्या, पण राउटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा, नाहीतर एकच पत्ता दोघांना जाईल. इंटरनेट कंपनी बदलली की नवा राउटर १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.० हा पट्टा घेऊन येऊ शकतो. मग सगळंच बदलावं लागतं, तेव्हा त्या दिवशी प्रिंटरचीही आठवण ठेवा.

पत्ता बरोबर आहे, 'पिंग' आज्ञेने हाक मारली की प्रिंटर उत्तर देतो, तरी 'ऑफलाइन' दिसतंय? दोन कारणं पाहा. पोर्ट टॅबमध्ये 'डब्ल्यूएसडी' ने सुरू होणारा पोर्ट असेल तर तो बदलून टीसीपी/आयपी पोर्ट करा. डब्ल्यूएसडी प्रिंटरला आपोआप शोधतो खरा, पण हरवतोही तितक्याच सहज. आणि टीसीपी/आयपी पोर्टच्या 'कॉन्फिगर पोर्ट' मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' वरची खूण काढून बघा. प्रिंटरने त्या चौकशीला उत्तर दिलं नाही, की विंडोज त्याला मेलेला समजतं.

७. पूर्वी शेअरवर डबल क्लिक केलं की ड्रायव्हर आपोआप यायचा. आता ॲडमिनचा पासवर्ड का मागतो?

मुख्य पीसीकडून ड्रायव्हर आपोआप उचलण्याच्या सोयीला 'पॉइंट अँड प्रिंट' म्हणतात. २०२१ च्या जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' नावाने गाजलेली त्रुटी उघड झाली. प्रिंट स्पूलरमार्फत (छपाईचे जॉब रांगेत लावणारी विंडोजची सेवा) परका कोड थेट सिस्टिमच्या अधिकाराने चालवता येत होता. म्हणून ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून अशा रीतीने ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचे अधिकार सक्तीचे झाले.

रजिस्ट्रीतलं (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) एक मूल्य शून्य करून ही अट उठवता येते, आणि अनेक व्हिडिओ तेच सांगतात. करू नका. हिशेबाचा, बँकेचा डेटा असलेल्या पीसीवर हे दार उघडं ठेवणं धोक्याचं आहे. ॲडमिन म्हणून लॉगिन करून प्रत्येक पीसीवर ड्रायव्हर एकदा टाकून द्या, मग साध्या युजरला पासवर्ड विचारला जात नाही. मुख्य पीसीवरही नेमकी तीच ड्रायव्हर आवृत्ती असू द्या. तिथे नवी आली की विंडोज इतरांकडेही ती नेऊ पाहतं आणि पासवर्डची खिडकी पुन्हा उगवते.

८. कनेक्ट करताना एरर कोड येतात: ११बी, ७०९, बीसीबी. प्रत्येकाचा अर्थ काय?

कोडमधली सुरुवातीची शून्यं सोडा, शेवट वाचा.

शेवटी ११बी: दोन पीसींमधल्या छपाईच्या संभाषणाची सुरक्षा पातळी जुळत नाही. ही सक्ती सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने आली. दोन्ही पीसींवरची विंडोज अपडेट पूर्ण करा. मुख्य पीसी विंडोज ७ सारखा, अपडेट न मिळणारा असेल तर प्रश्न ४ मधली लोकल पोर्टची पद्धत बहुतेक वेळा चालते. सुरक्षा बंद करणारा रजिस्ट्रीचा उपाय आम्ही सुचवत नाही.

शेवटी ७०९: हा विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीनंतर जास्त दिसू लागला. तेव्हापासून विंडोज छपाईचं बोलणं 'नेम्ड पाइप' ऐवजी टीसीपीवरून करतं आणि जुन्या मुख्य पीसीला ते कळत नाही. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, प्रिंटर्स, 'कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज' इथे 'आरपीसी ओव्हर नेम्ड पाइप्स' निवडा आणि पीसी रीस्टार्ट करा. होम आवृत्तीत हा एडिटर नसतो. तिथे लोकल पोर्टचा मार्ग धरा.

शेवटी बीसीबी: लागणारा ड्रायव्हर या पीसीवर नाही आणि तो मुख्य पीसीकडून आणून बसवता आला नाही, बहुधा परवानगीअभावी. प्रश्न ७ पाहा.

९. युजरनेम-पासवर्ड मागतो, बरोबर टाकला तरी 'ॲक्सेस डिनाइड'. का?

कारण तुम्ही स्वतःच्या पीसीचा पासवर्ड टाकताय. तो मुख्य पीसीवरच्या खात्याचा हवा. चार अंकी पिन इथे चालत नाही, तो त्या एका यंत्रापुरताच असतो. मुख्य पीसीवरच्या खात्याला पासवर्डच नसेल तरीही चालत नाही, कारण बिनपासवर्डच्या खात्याने नेटवर्कवरून आत येणं विंडोज मुळातच अडवतं.

सरळ उपाय असा. मुख्य पीसीवर फक्त छपाईसाठी एक वेगळं, साधं, लोकल खातं उघडा, ॲडमिन नको. त्याला पासवर्ड द्या. मग बाकीच्या पीसींवर 'क्रेडेन्शियल मॅनेजर', 'विंडोज क्रेडेन्शियल्स', 'ॲड' इथे मुख्य पीसीचं नाव, मग युजरनेमच्या जागी मुख्य पीसीचं नाव, बॅकस्लॅश, खात्याचं नाव, आणि शेवटी पासवर्ड. एकदा साठवलं की पुन्हा विचारत नाही.

'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा' हा सल्ला जुना झाला. विंडोज ११ प्रो च्या २४एच२ आवृत्तीत पाहुणा म्हणून आत जाणं मुळातच बंद आहे, शिवाय जोडणीवर डिजिटल सही सक्तीची आहे. पाहुण्याच्या खात्यावर चालणारी बरीच जुनी शेअरिंग त्या अपडेटनंतर थांबली, त्याचं कारण हेच.

१०. मुख्य पीसी ६४-बिट आहे, एक जुना पीसी ३२-बिट, आणि साहेबांचा नवा लॅपटॉप आर्मचा. तिघांना कसं जमवू?

३२-बिटसाठी मुख्य पीसीवर प्रिंटर प्रॉपर्टीज, शेअरिंग, 'ॲडिशनल ड्रायव्हर्स', तिथे 'एक्स८६' वर खूण करून ३२-बिट ड्रायव्हरचा फोल्डर दाखवा. दोन्ही ड्रायव्हरचं नाव आणि आवृत्ती तंतोतंत एकच हवी, नाहीतर विंडोज त्यांची जोडी लावत नाही. युनिव्हर्सल ड्रायव्हरचे दोन्ही प्रकार एकाच दिवशी, एकाच पानावरून उतरवा. विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा या जुन्या पीसीवर फार वेळ घालवू नका. लोकल पोर्ट लावा आणि पुढच्या खर्चात तो बदला.

आर्म लॅपटॉपवर साधे प्रोग्राम अनुवाद होऊन चालतात, ड्रायव्हर तसा चालत नाही. त्याला आर्म६४ साठीच बनवलेला ड्रायव्हर लागतो. नेटवर्क प्रिंटर आयपीपी समजत असेल तर विंडोजचा स्वतःचा 'आयपीपी क्लास ड्रायव्हर' पुरेसा होतो. एलबीपी २९०० सारख्या यूएसबी प्रिंटरवर त्या लॅपटॉपवरून थेट छापण्याचा नाद सोडा. पीडीएफ करून मुख्य पीसीवरून छापा.

११. प्रिंट येतं, पण पानामागून पान अगम्य चिन्हांचं. कधी वर 'पीसीएल एक्सएल एरर' लिहिलेलं असतं.

एका भाषेतलं लिखाण दुसरी भाषा जाणणाऱ्या प्रिंटरकडे गेलं आहे. आधी ट्रेमधले कागद काढा, नाहीतर रीम संपेल. मग जॉब रद्द करून प्रिंटर बंद-चालू करा.

चिन्हांचा सडा पडत असेल तर ड्रायव्हरच वेगळ्या भाषेचा आहे. नूतनीकरण करून विकलेल्या मोठ्या कॉपियर मशीनवर हे फार होतं. कॅननच्या अनेक मॉडेलमध्ये मूळ भाषा यूएफआर टू असते आणि पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट हा वेगळा पर्याय असतो. तो बसवलेला नसेल तर पीसीएल ड्रायव्हर निरुपयोगी. मशीन घेतानाच कॉन्फिगरेशन पेज मागून घ्या.

'पीसीएल एक्सएल एरर' येत असेल (पीसीएल एक्सएल म्हणजे पीसीएल ६) तर भाषा बरोबर आहे, पण त्या विशिष्ट फाइलचा भार पेलला नाही. पीसीएल ५ किंवा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर दुसऱ्या नावाने बसवून तीच फाइल छापून पाहा. दोन्ही एकाच प्रिंटरवर सुखाने नांदतात.

१२. स्क्रीनवर मराठी नीट दिसतं, कागदावर जोडाक्षरं फुटतात किंवा चौकोन येतात. ड्रायव्हरचा दोष आहे का?

असू शकतो, पण आधी दोन गोष्टी वेगळ्या करा.

स्क्रीनवरच मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल, तर प्रिंटरचा संबंध नाही. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट त्या पीसीवर नसला की मूळ इंग्रजी अक्षरं दिसतात. ही दोन्ही नावं पुण्याचीच असल्याने इथल्या डीटीपीवाल्यांकडे अशा फाइलींचे गठ्ठे आहेत. मुख्य पीसीवर फाइल उघडणार असाल तर तिथेही तोच फॉन्ट हवा, किंवा फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ बनवा.

स्क्रीनवर नीट आणि कागदावर फुटकं असेल, तर दोष ड्रायव्हरच्या फॉन्ट हाताळणीत आहे. काही ड्रायव्हर वेळ वाचवायला कॉम्प्युटरच्या फॉन्टऐवजी प्रिंटरच्या आतला फॉन्ट वापरतात, आणि प्रिंटरच्या आत देवनागरी नसते. प्रिंटिंग प्रेफरन्सेस, ॲडव्हान्स्ड इथे ट्रूटाइप फॉन्टसाठी 'सब्स्टिट्यूट' ऐवजी 'डाउनलोड ॲज सॉफ्टफॉन्ट' निवडा. एचपीच्या अनेक ड्रायव्हरमध्ये 'सेंड ट्रूटाइप ॲज बिटमॅप्स' असतं, ते चालू करा. छपाई थोडी मंदावते, पण वेलांटी आणि रफार जागेवर येतात. पीडीएफ असेल तर ॲडोबीच्या प्रिंट खिडकीतलं 'ॲडव्हान्स्ड', 'प्रिंट ॲज इमेज' हा हमखास उतारा.

आणखी एक. विंडोज १० पासून 'मंगल' हा फॉन्ट सगळ्या पीसींवर आपोआप नसतो, 'निर्मला' असतो. जुनी सरकारी पत्रं मंगलमध्ये असतील आणि ओळी सरकत असतील, तर ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' बसवा.

१३. ए४ लावलाय तरी प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबतो. आणि लीगल कागदाचं खालचं टोक कापलं जातं.

अनेक ड्रायव्हर अमेरिकेच्या सवयीने 'लेटर' आकार धरून बसतात. लेटर २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर, ए४ २१० बाय २९७. ड्रायव्हर लेटर मागतो, ट्रेमध्ये ए४ आहे, म्हणून प्रिंटर वाट पाहत राहतो.

प्रत्येक युजरच्या 'प्रेफरन्सेस' मध्ये बदलत बसू नका. प्रिंटर प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड टॅब, 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' इथे एकदा ए४ करा, तो नव्या युजरनाही लागू होतो. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत ट्रेचा आकारही ए४ असल्याची खात्री करा.

लीगल म्हणजे साडेआठ बाय चौदा इंच. दुकानात 'लीगल' म्हणून मिळणारा गठ्ठा तेवढाच असेल असं नाही, फुलस्केप थोडा आखूड असतो. पट्टीने मोजा. वेगळा निघाला तर 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज', 'फॉर्म्स' इथे त्याच मापाचा नवा फॉर्म बनवा. शेअर 'कनेक्ट' करून घेतला असेल तर फॉर्म मुख्य पीसीवर, लोकल पोर्टने घेतला असेल तर ज्याच्या त्याच्या पीसीवर.

१४. मशीन दोन्ही बाजूंनी छापतं, पण ड्रायव्हरमध्ये तो पर्यायच दिसत नाही.

प्रिंटर प्रॉपर्टीज, 'डिव्हाइस सेटिंग्ज' टॅब. तिथे 'डुप्लेक्स युनिट' समोर 'नॉट इन्स्टॉल्ड' असेल, ते 'इन्स्टॉल्ड' करा. जास्तीचे ट्रेही तिथेच जोडायचे. विंडोजचा आयपीपी क्लास ड्रायव्हर लागला असेल तर बुकलेट, वॉटरमार्क असे खास पर्याय मिळणार नाहीत. त्यासाठी कंपनीचाच ड्रायव्हर टाका.

१५. चुकीचा ड्रायव्हर काढायचाय, 'ड्रायव्हर इज इन युज' म्हणतो.

प्रिंटर यादीतून काढला म्हणजे ड्रायव्हर गेला असं नसतं. तो मागे राहतो आणि पुढच्या वेळी विंडोज त्यालाच पुन्हा उचलतं. क्रम पाळा:

१. तो ड्रायव्हर वापरणारे सगळे प्रिंटर काढा, 'कॉपी १' सारख्या नक्कलाही.
२. सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' थांबवा.
३. विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२, मग स्पूल, मग प्रिंटर्स फोल्डरमधल्या अडकलेल्या फाइली पुसा. फोल्डर ठेवा, आतलं पुसा.
४. स्पूलर सुरू करा आणि लगेच, दुसरा प्रोग्राम न उघडता, 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज', 'ड्रायव्हर्स', 'रिमूव्ह', 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज'.

तरीही अडलं तर पीसी रीस्टार्ट करून चौथी पायरी पुन्हा करा.

१६. कॉपियरवर जॉब पाठवला की पीसी 'प्रिंटेड' म्हणतो, कागद काही येत नाही.

मशीनवर खातेनिहाय कोड चालू आहे. कंपनीनुसार त्याला 'डिपार्टमेंट आयडी', 'युजर कोड' किंवा 'अकाउंटिंग' म्हणतात. कोड नसलेला जॉब मशीन घेतं आणि गुपचूप टाकून देतं. कोड मशीन सांभाळणाऱ्याकडून घ्या आणि ड्रायव्हरच्या डिव्हाइस सेटिंग्जमध्ये किंवा प्रेफरन्सेसमध्ये भरा. आयपीपी क्लास ड्रायव्हरमध्ये तो भरायची जागा सहसा नसते.

१७. टॅली आणि डॉट मॅट्रिक्ससाठी कोणता ड्रायव्हर?

एप्सन एलएक्स-३१० सारख्या ९ पिनच्या प्रिंटरला कंपनीचा ड्रायव्हर. नुसत्या इंग्रजी बिलांसाठी, वेग हवा असेल तर विंडोजचा 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली'. तो फक्त अक्षरं पाठवतो, चित्र नाही, म्हणून मराठी नाव किंवा लोगो त्यावर छापला जाणार नाही.

१० बाय १२ ची सलग स्टेशनरी असेल तर प्रश्न १३ प्रमाणे फॉर्म बनवा आणि टॅली बंद करून पुन्हा उघडा, नवा फॉर्म तेव्हाच दिसतो. ए४ ठेवून छापलं तर प्रत्येक बिलागणिक कागद थोडा थोडा सरकत जातो आणि दहाव्या बिलाला फाडायची रेघ मजकुरातून जाते.

१८. मॅक, लिनक्स आणि मोबाइलवरून छापता येईल का?

नेटवर्क प्रिंटर एअरप्रिंट समजत असेल तर मॅक आणि आयफोनवर काहीच टाकावं लागत नाही. अँड्रॉइडला फोनमधली प्रिंट सेवा किंवा मोप्रिया या प्रिंटर कंपन्यांच्या संघटनेचं ॲप. फोन मात्र 'गेस्ट' वायफायवर नको, तिथून ऑफिसचा प्रिंटर दिसत नाही.

विंडोजवर यूएसबीने लावून शेअर केलेला प्रिंटर फोनला दिसतच नाही. मॅकला त्याच्यापर्यंत पोहोचता येतं, पण मॅकसाठी ड्रायव्हर असला तरच. लिनक्सवर एचपीच्या बहुतेक मॉडेलना एचपीलिप हे एचपीचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर. १०२० ला प्रत्येक वेळी चालू झाल्यावर कॉम्प्युटरकडून फर्मवेअर घ्यावं लागतं, म्हणून एचपीलिपचं प्लगइनही टाका. त्याच कारणाने यूएसबीचं नेटवर्क करून देणारा छोटा डबा १०२० ला लावताना, तो डबा या मॉडेलला चालतो असं लेखी पाहिल्याशिवाय घेऊ नका.

१९. प्रिंटर शेअर झाला, स्कॅनर का होत नाही?

विंडोजचं प्रिंटर शेअरिंग फक्त छपाईचं आहे. यूएसबीच्या ऑल-इन-वनचं स्कॅनिंग मुख्य पीसीवरच करावं लागेल. एक शेअर केलेला फोल्डर ठेवून त्यात स्कॅन टाकत जा.

नेटवर्क कॉपियरचं 'स्कॅन टू फोल्डर' अचानक बंद पडलं असेल तर मशीन जुनं एसएमबी १ (फोल्डर शेअरिंगची जुनी पद्धत) वापरतं का ते पाहा. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते नसतंच. पुन्हा चालू करण्याऐवजी मशीनच्या फर्मवेअरमध्ये एसएमबी २ येतं का विचारा, नाहीतर स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

२०. सेटिंग्जमध्ये 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' दिसला, चालू केला आणि सगळे प्रिंटर गेले!

२४एच२ पासून आलेली ही सोय चालू केली की कंपन्यांचे ड्रायव्हर वापरणारे सगळे प्रिंटर काढले जातात. फक्त मोप्रिया प्रमाणित प्रिंटर, विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर, चालतात. मोड बंद करा. गेलेले प्रिंटर आपसूक परत येतील असं धरू नका, प्रश्न ४ किंवा ५ प्रमाणे पुन्हा बसवा. ऑफिसातला प्रत्येक प्रिंटर नवा आणि मोप्रियाचा असेल तर हा मोड जरूर वापरा, सुरक्षेच्या दृष्टीने तो चांगला आहे. एकही एलबीपी २९०० किंवा डॉट मॅट्रिक्स असेल, तर त्या पीसीवर नको.